डाव्या हाताचा कॅमेरा

दादा,

भांडण अर्धं टाकून निघून जायची तुझी सवय जुनीच. मी तावातावानं बोलत असायचे आणि तू पायात चप्पल सरकवून जिना उतरलेला असायचास. पण संध्याकाळी तू परत यायचास आणि मी जिथं थांबले होते तिथून पुढं सुरू करायचे. आता तुझं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, सतरंज्या घडी घालून परत पाठवल्या. माझे मुद्दे मात्र तसेच पडून आहेत. त्यातला एकही मी मागं घेतलेला नाही, हे आधीच सांगते. तू गेलास म्हणून तू बरोबर होतास असं काही होत नाही.

भेटायला आलेल्या एका मावशीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचं दोघांचं बिनसलं होतं म्हणे?" घराच्या वाटणीवरून असेल असं तिला वाटलं. मी म्हटलं, कॅमेऱ्यावरून. तिला ते खरं वाटलं नाही.

तुला आठवतं, मला या धंद्यात तूच ओढलंस. भिंगारच्या बाजारातलं आपलं दुकान तेव्हा नुकतं सुरू झालं होतं. एका हळदीच्या कार्यक्रमात बायकांनी तुला दारातच अडवलं. "आत बाया हायेत, तुमी न्हाई यायचं." तू घरी आलास, माझ्या गळ्यात कॅमेरा अडकवलास आणि म्हणालास, "शोभे, फक्त डोळ्यांकडं बघ. डोळे स्पष्ट आले की बाकीचं मी बघून घेतो." मी गेले. निम्मे फोटो हलले होते. तू ते एकेक करून बघितलेस, आणि एका म्हातारीच्या हळदीनं भरलेल्या हसऱ्या तोंडावर थांबून म्हणालास, "हा मला जमला नसता." पुढं माझं लग्न झालं, तेही भिंगारमध्येच. आमचे हे डेपोत नोकरीला, त्यामुळं माझं दुकानात येणं सुटलं नाही. तू पुरुषांच्या बाजूला, मी बायकांच्या बाजूला, अशी आपण अर्ध्या जिल्ह्याची लग्नं केली.

मग पारनेरहून परत येताना तुझी मोटरसायकल घसरली.

हाड जुळलं. पण खांद्यातून उजव्या हाताकडं जाणाऱ्या नसाच तुटल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हात राहील, काम करणार नाही. मी तिथं उभी होते. वहिनी रडायला लागली. तू मात्र डॉक्टरांना विचारलंस, "बोट पण नाही? एक बोट?" त्यांना कळलं नाही तू एकच बोट का मागतोयस. मला कळलं.

सगळे कॅमेरे उजव्या हाताचे असतात, हे मी इतकी वर्षं वापरूनही कधी ध्यानात घेतलं नव्हतं. धरायची मूठ उजवीकडं, बटण उजवीकडं, सेटिंगच्या चकत्या उजवीकडं. डावा हात खाली, लेन्सला आधार द्यायला आणि झूम फिरवायला. तुझ्याकडं आधार देणारा हात राहिला होता आणि फोटो काढणारा गेला होता. तू ट्रायपॉडवर कॅमेरा लावून बघितलास. डाव्या हाताची बोटं वरून वळवून बटणापर्यंत पोचतात का तेही बघितलंस, आणि कॅमेरा दोनदा पडता पडता वाचला. मी म्हटलं, "दादा, फोटो मी काढते, तू सांग कुठून काढायचा." तू माझ्याकडं असं बघितलंस की मी तो विषय परत काढला नाही.

एका दुपारी मी डबा घेऊन दुकानात आले. एक निवृत्त सुभेदार पासपोर्ट फोटोसाठी स्टुलावर ताठ बसले होते आणि तू समोर कॅमेरा उलटा धरून उभा होतास. खालचा भाग वर, वरचा खाली. उलटा केल्यावर मूठ आपोआप डावीकडं आली होती आणि तू अंगठ्यानं बटण दाबत होतास. सुभेदार बिचारे गोंधळले होते. त्यांनी विचारलं, "मी पण उलटा बसू का?" अपघातानंतर तू पहिल्यांदा हसलास तो तेव्हा. फोटो आला तो डोक्यावर उभा. मी कॉम्प्युटरवर तो सरळ केला आणि छापला. सुभेदारांचे डोळे लख्ख आले होते.

त्या दिवसापासून तुझ्या कॅमेऱ्यातले सगळे नवरानवरी माझ्याकडं आधी डोकं खाली, पाय वर असे यायचे. मी त्यांना सरळ करायचे.

पण झूम गेलं. एका हातानं कॅमेराच पेलायचा, तर लेन्स फिरवणार कोण? म्हणून तू एकच छोटी, बिनझूमची लेन्स ठेवलीस. जवळचं हवं असेल तर जवळ जायचं. लग्नात जवळ जायचं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. मोबाईल वर केलेले पन्नास हात, खुर्च्या ओलांडणारे मामा, अंगावर येणारी आत्या. तुझा उजवा हात या सगळ्यात कुणाच्या ना कुणाच्या धक्क्यानं हेलकावत असायचा आणि तुला ते जाणवायचंही नाही. मला लांबून दिसायचं. माझं अर्धं लक्ष फोटोत आणि अर्धं तुझ्यात.

तेव्हापासून तू म्हणायला लागलास, "कंपनीनं डावा कॅमेरा काढायला पाहिजे."

मी म्हणायचे, "एका माणसासाठी कुणी साचा बनवतं का?"

"मी एकटा हाय का? कात्री मिळती डावी. कॅमेरा का न्हाई?"

"कात्रीला दोन पाती आणि एक खिळा लागतो, दादा."

तू चिडायचास, आणि मीही. माझ्या इच्छा साध्या होत्या. मंडपातल्या त्या जांभळ्या-हिरव्या दिव्यांत माणसाचा रंग माणसासारखा दाखवेल असा कॅमेरा मला हवा होता. अंधारात डोळे पकडणारा, मे महिन्यात तापून बंद न पडणारा, आणि दिवसभर गळ्यात घालून मानेचा खुळखुळा न करणारा. यातलं सगळं बाजारात येत होतं. आपल्यापर्यंत पोचत नव्हतं, एवढंच. तुझं मात्र बाजारातच नव्हतं.

मग नगरमध्ये एका हॉटेलच्या हॉलमध्ये ती बैठक झाली. कंपनीचे लोक पुण्याहून आले होते. जिल्ह्यातले फोटोग्राफर बोलावले होते, संगमनेरपासून जामखेडपर्यंतचे. चहा, बिस्किटं आणि समोर टेबलावर मांडलेले नवे कॅमेरे. बोलणारा तरुण होता, चांगला होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तो म्हणाला, "येणाऱ्या मॉडेलमध्ये तुम्हाला काय हवंय ते मोकळेपणानं सांगा. आम्ही वर पोचवतो."

एकेक जण उठायला लागला. कुणाला मंगलाष्टका चालू असताना खटखट आवाज न करणारं बटण हवं होतं, कारण भटजी रागावतात. कुणाला उजेड भरपूर घेणारी पण वजनाला हलकी झूम लेन्स हवी होती. एकाला स्वस्त कॅमेऱ्याच्या बॉडीतही दोन कार्डं हवी होती, म्हणजे एक बिघडलं तरी लग्न वाचेल. मी उठले आणि म्हटलं, बायकांच्या मुठीत बसेल अशी मूठ करा. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. तो तरुण सगळं लिहून घेत होता.

मग तू डावा हात वर केलास.

"मला डावा कॅमेरा पाहिजे. बटण डावीकडं. आणि झूम बटणावर."

हॉल हसला. वाईट हसू नव्हतं ते, दादा, हे मी तुला तेव्हाही सांगितलं. त्यांना वाटलं तू गंमत करतोयस. पुढच्या रांगेतल्यांना तुझा लोंबणारा उजवा हात दिसला आणि ते गप्प झाले. मागच्यांना दिसला नव्हता, ते हसतच राहिले. एक जण ओरडला, "पाठीमागं बटण असलेला पण काढा!" तुझ्या मानेवरची शीर मी बघत होते. तू खाली बसला नाहीस. हसू पूर्ण थांबेपर्यंत उभा राहिलास आणि परत तेच म्हणालास, त्याच शब्दांत. तो तरुण पेन हातात धरून तुझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं तेही लिहिलं.

चहाच्या वेळी तो आपल्याकडं आला. तुला उलटा कॅमेरा धरून दाखवायला लावलं. आणि म्हणाला, "सर, तुमच्यावर एक व्हिडिओ करूया का? लोकांना फार प्रेरणा मिळेल. कंपनीकडून तुम्हाला नवी बॉडी भेट देऊ."

तू म्हणालास, "मला बटण पाहिजे, टाळ्या नकोत."

आणि बाहेर पडलास. मी मागं राहून त्याचा नंबर घेतला. यावरून घरी जे झालं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं. तुझं म्हणणं, त्यांना माझा लुळा हात विकायचाय. माझं म्हणणं, त्यांना काय विकायचं ते विकू दे, आपल्याला कॅमेरा मिळतोय. तू म्हणालास, "तुझा हात असता तर?" मी म्हटलं, "माझा असता तर मी घेतला असता." अजूनही तेच म्हणते.

तू चार दिवस माझ्याशी बोलला नाहीस. कामापुरतं वहिनीच्या तोंडून सांगायचास. ती मधल्या मधे हैराण. "वन्सं, हे म्हनत्यात बॅटऱ्या चार्ज करा."

मग कोल्हारचं लग्न आलं.

नदीकाठचं कार्यालय, दुपारचा मुहूर्त, वरून पत्रा तापलेला. मी स्टेजसमोर झूम लावून, तू गर्दीत. मंगलाष्टका सुरू झाल्या. माझ्या कॅमेऱ्याचं बटण सकाळपासून अडखळत होतं, पण मी तुला सांगितलं नव्हतं, कारण आपण बोलत नव्हतो. शेवटच्या मंगलाष्टकेला मी बटण दाबलं आणि कॅमेऱ्याचा पडदा काळा झाला. बॅटरी काढली, घातली. काहीच नाही. परत काढली. कॅमेरा तव्यासारखा तापला होता. अंतरपाट अजून धरलेला होता, भटजींचा आवाज चढत होता, आणि मला ठाऊक होतं, आता शेवटची ओळ आणि मग सगळं संपेल. मी तुला शोधलं. तू बऱ्याच मागं होतास. मी दोन्ही हातांनी फुली केली, कॅमेरा गेला म्हणून.

तू निघालास. तू येताना मला फक्त तुझं डोकं दिसत होतं, मधेच बुडायचं, मधेच वर यायचं. लोक अक्षता टाकायला पुढं दाटले होते. कुणीतरी तुला कोपरानं मागं ढकललं, तू कलंडलास आणि सावरायला दुसरा हात नव्हता. मी ओरडले, पण तिथं कुणाला ऐकू जाणार? तू खुर्चीवर आदळलास, तरी कॅमेरा छातीशी धरलेला. उठलास. स्टेजच्या कडेला गुडघा टेकलास, गळ्यातला पट्टा दातांत ताणून धरलास म्हणजे कॅमेरा हलणार नाही, आणि तो उलटा करून डोळ्याला लावलास. सनई चौघडा वाजला. अंतरपाट खाली आला.

तुला तीन फोटो मिळाले. एक हलला होता. एकात नवऱ्याच्या मामाचं कोपर. तिसऱ्यात नवरी मान वर करून नवऱ्याकडं बघतेय, हवेत अक्षता थांबल्यात, आणि नवऱ्याचा फेटा अर्धा कापला गेलाय. नवरीचे डोळे इतके स्पष्ट आहेत की त्यात समोरचा माणूस दिसतो.

नवरीचे वडील ते बघून म्हणाले, "ह्यो एकच? आन् फेटा कुठं गेला?"  मी हात जोडले. ते चिडले, आवाज चढवला, माणसं जमली. शेवटी नवरी स्वतः उठून आली, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिनं तो फोटो बघितला आणि वडिलांना म्हणाली, "अप्पा, मला हाच पाहिजे. ऱ्हाऊ द्या फेटा." म्हणून आपण तिथून सुटलो.

परतताना व्हॅन मी चालवत होते. राहुरी मागं पडलं तरी तू बोलेनास. तुझ्या ओठातून रक्त आलं होतं, पट्टा चावल्यामुळं. विळद घाटात तू म्हणालास, "तुझी बॉडी मेली का?"

"मेली."

"सांगितलं का न्हाईस सकाळी?"

"तू बोलत होतास का?"

घाट संपल्यावर तू म्हणालास, "त्या पोराला फोन कर. व्हिडिओ करू म्हणावं. पण शेवटी माझं एक वाक्य असंल. ते ठेवणार असतील तर."

मी गाडी बाजूला घेऊन तिथूनच फोन केला. तू मन बदलशील म्हणून. तो म्हणाला, "नक्की ठेवू, सर म्हणतील तसं."

चित्रीकरणाच्या दिवशी कंपनीचे लोक सकाळी आले आणि अंधार पडेपर्यंत थांबले. तुला बाजारातून चालवलं, दुकानात बसवलं, चांदबिबीच्या महालाच्या पायऱ्या तीनदा चढायला लावल्या, कारण पाठीमागचा सूर्य त्यांना हवा तसा येत नव्हता. बाही दुमडायला सांगितली, हात दिसावा म्हणून. तू हसलास की म्हणायचे, "सर, थोडं गंभीर." तू एकदा माझ्याकडं बघितलंस. मी मान वळवली. शेवटी महालाखाली उभं राहून तू तुझं वाक्य म्हणालास. पहिल्यांदा मधे टेम्पोचा हॉर्न आला म्हणून परत म्हणालास. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "वा, सर." मला खरंच वाटलं होतं की ते राहील.

व्हिडिओ आला तेव्हा तू, मी आणि वहिनी दुकानात होतो. माझ्या मोबाईलवर बघितला. बासरी वाजत होती, तू पायऱ्या चढत होतास, मग मोठ्या अक्षरांत जिद्दीबद्दल काहीतरी, मग कंपनीचं चिन्ह. संपलं.

तू म्हणालास, "अडकला का मोबाईल? पुढचं दाखव."

मी म्हटलं, "एवढाच आहे."

"माझं बोलणं कुठंय?"

आपण परत बघितला. तू महालाखाली उभा राहतोस, मान वर करतोस, आणि तिथं चिन्ह येतं. तू त्या तरुणाला फोन लावलास. तो म्हणाला, व्हिडिओ छोटाच ठेवायचा होता, सर, वरून सूचना होती. तू "बरं" म्हणालास आणि फोन ठेवलास. रागावला असतास तर बरं झालं असतं. दुकानात गिऱ्हाईक आलं, तू उठून त्याचा फोटो काढलास, कॅमेरा उलटा धरून. आणि त्याच दिवशी संध्याकाळपासून लोक अभिनंदन करायला यायला लागले. मिठाईवाल्यानं पेढे पाठवले. तू सगळ्यांना "हो, हो" म्हणत होतास.

नवा कॅमेरा आला. तू तो डाव्या हातात घेतलास, उलटा केलास, अंगठा बटणावर टेकवून बघितलास. मूठ आणखी खोल केली होती त्यांनी, उजव्या हातासाठी. उलटा धरला की तिची कड तळव्यात रुतायची. तू तो सरळ करून माझ्या हातात दिलास. "तुझ्या हाताचा हाय." मी म्हटलं, सवय होईल, हा हलका तरी आहे. तू तुझा जुना जड कॅमेराच गळ्यात घातलास.

दादा, तो फार चांगला कॅमेरा आहे. हे मी तुला तेव्हा नीट सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते माझ्या मुद्द्यासारखं वाटलं असतं. कमी उजेडात डोळे असे पकडतो की मला काही करावंच लागत नाही. मंडपातला जांभळा दिवा चेहऱ्यावर पडला तरी चेहरा चेहऱ्यासारखा येतो. मे महिन्यात एकदाही बंद पडला नाही. त्याच्या जोरावर मी एकटीनं मोठी लग्नं घेतली. तू ते बघत होतास. एकदा वहिनीला म्हणालास, "शोभी आता माझ्यापेक्षा बरी काढती." तिनं मला ते आत्ता सांगितलं, तेराव्याच्या भांड्यांचा ढीग घासताना. तोंडावर म्हणाला असतास तर मी भांडण थांबवलं असतं का? बहुतेक नाही. पण ऐकलं असतं.

आणि तुझा डावा हात दुखायला लागला.

तू म्हणालास, हात भरून आलाय, कालच्या लग्नामुळं. वहिनीनं तेल चोळलं. मी म्हटलं, एवढं ओझं एका हातावर, दुखणारच, थोडे दिवस नवा कॅमेरा घे. तू म्हणालास, "हलका हाय, पण उजवा हाय." आपण तिघंही त्याच हाताबद्दल बोलत होतो, दादा. कुणाच्याही मनात दुसरं काही आलं नाही. तोच हात दिवसभर उचलायचा, धरायचा, गिऱ्हाइकाशी हात मिळवायला पुढं यायचा. तो दुखला तर कामानंच दुखणार. मग एका सकाळी तू दुकानाचं शटर वर ढकललंस आणि छातीला हात लावून पायरीवर बसलास. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हाताकडं कळ येत होती का आधी?" वहिनी म्हणाली, "येत हुती. कॅमेऱ्यानं." डॉक्टरांनी गळ्यातली नळी काढून टेबलावर ठेवली. तेव्हा मला सगळं कळलं.

मी कुणाला दोष देत नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं होतं, कॅमेऱ्याचं नाही. मला ते पटतं. फक्त हातात कॅमेरा घेतला की पटायचं थांबतं.

परवा त्या तरुणाचा फोन आला. आवाज पडलेला होता त्याचा. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. म्हणाला, "मॅडम, कंपनीला तो व्हिडिओ पुन्हा टाकायचाय, सरांना श्रद्धांजली म्हणून. शेवटी फुलं दाखवू. घरच्यांची परवानगी हवी." मी फोन वहिनीसमोर ठेवला. वहिनी पारनेरकडची, फोनवर मोठ्या माणसांशी बोलायचं म्हटलं की मला पुढं करते. या वेळी तिनं स्वतःच फोन जवळ ओढला.

"त्यांचं बोलनं जोडा. न्हाईतर काढून टाका ते समदं."

तो म्हणाला, "वहिनी, ते चित्रीकरण आता आमच्याकडं राहिलेलं नाही. पुसलं गेलं."

"मग काढा. मानूस मुका करून हार घालता व्हय?"

 तो म्हणाला, "काढतो. मी स्वतः बघतो." आणि काढलाही, तेवढा शब्द त्यानं पाळला. काल मी शोधला तर कुठंच नाही.

मी वहिनीला म्हटलं, "अगं, तेवढाच होता. दादा चालता-फिरता दिसतो असं दुसरं काही नाही आपल्याकडं." इतकी वर्षं कॅमेऱ्याच्या मागं उभा राहिलास तू. दशक्रियेला लावलेला फोटोसुद्धा आम्ही कुणाच्या तरी बारशाच्या गर्दीतून कापून काढला. वहिनी म्हणाली, "ठाव हाय मला." आणि पोळ्या लाटायला गेली.

आज दुपारी ती माझ्याशेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "वन्सं, तुमच्या मोबाईलवर ऱ्हायलाय का त्यो?"

मी शोधलं. त्या तरुणानं पहिल्यांदा पाठवलेला तसाच पडून होता, माझ्याही ध्यानात नव्हतं.

"दावा. आवाज बंद करा. ती बासरी नको."

आम्ही दोघींनी बघितला. बासरी नसताना तो वेगळाच दिसतो, दादा. तू बाजारातून चालतोस आणि भाजीवाल्याला काहीतरी बोलतोस, तो हसतो. तू वहिनीच्या पदराला लेन्स पुसतोस आणि ती तुझ्या हातावर चापट मारते. हे आधी आम्हाला दिसलंच नव्हतं. मग महाल, उतरतं ऊन, तू मान वर करतोस, सरळ आमच्याकडं बघतोस, ओठ उघडतात, आणि तिथं कापलंय.

वहिनी पडद्याकडं बघतच म्हणाली, "'नवीन कॅमेरा काढाल तवा येक डावा काढा. फुकट नको, इकत घीन,' आसं म्हनले हुते."

मी म्हटलं, "नाही वहिनी. 'पहिला मी घेईन' असं होतं. मग 'विकत घेईन'."

"न्हाई. पयलं फुकट नको म्हनले."

"मी तिथं उभी होते."

"आन् मी कुठं हुते? मी बी तिथंच हुते की."

मी म्हटलं, ते दुसऱ्यांदा म्हणताना बदललं असेल, हॉर्न आला होता ना. ती म्हणाली, दोन्ही वेळेला तसंच म्हणाले, अक्षर बदललं नाही. मी परत व्हिडिओ लावला. तुझे ओठ कुठल्या अक्षरासाठी उघडतात ते आम्ही दोघी डोळे बारीक करून बघत राहिलो. तिला "न" दिसला, मला काहीच दिसेना. माझा आवाज चढला, तिचाही चढला. आतून आमच्या ह्यांनी विचारलं, काय झालं, कशावरून चाललंय? 

शेवटी वहिनीनं मोबाईल माझ्या हातात दिला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली,

"कसं बी आसू द्या वन्सं. बोलले हुते. येवढं खरं हाय."